बाळ घरी आले, पण आईचे काय?

आम्ही दोघी सख्ख्या जावा. मेहकर तालुक्यात हिवरा आश्रमला आमचे घर आहे. थोरली सातवीपर्यंत शिकली, धाकटीने बचत गटाचे हिशेब लिहून लिहून अक्षर कमावले. त्यामुळे या लेखात लिहिणारा हात एक आहे आणि सांगणारी तोंडे दोन. कोणती चूक कोणाची, हे आम्ही वेगळे सांगणार नाही. चुका दोघींनी मिळून केल्या आहेत.

गोष्ट डिसेंबर २०२२ ची. सूनबाईला आठवा महिना लागला होता. शेजारच्या शेतात हरभऱ्याच्या निंदणीला ती जात होती. आम्ही जाऊ नको म्हटले नाही, हे आधीच कबूल करतो. एका दुपारी पोटात कळा आल्या म्हणून ती बांधावर बसली आणि संध्याकाळी तिला दवाखान्यात न्यावे लागले. पहाटे मुलगा झाला. वजन १४८० ग्रॅम. दीड किलोला वीस ग्रॅम कमी. आपल्याकडे किराणा दुकानात दीड किलो साखर घेतली तरी पिशवी हाताला जाणवते. हे लेकरू हातात घेतले तर जाणवतच नव्हते.

जुन्या बायका लगेच बोलल्या, “सातव्याचं जगते, आठव्याचं जगत नाही.” ही म्हण आमच्या आजीच्या तोंडीही होती. ती खोटी आहे. पोटात एक एक आठवडा जास्त राहिले की बाळाची जगण्याची आशा वाढतच जाते, कमी होत नाही. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे, आणि ३७ च्या आधी जन्मले ते अपुऱ्या दिवसांचे. आमचे ३२ व्या आठवड्यात आले. दवाखान्यातल्या सिस्टरने हे समजावले तेव्हा आम्ही मान डोलावली, पण बाहेर येऊन त्या म्हणीलाच घाबरत बसलो. म्हण रक्तात असते, सिस्टरचे बोलणे कानात.

चोवीस दिवस लेकरू काचेच्या पेटीत होते. सूनबाई बाहेरच्या व्हरांड्यात सतरंजीवर. दर दोन तासांनी उठायचे, हात धुवायचे, वाटीत दूध काढायचे, आत द्यायचे. बाळंतीण म्हणजे सव्वा महिना अंथरुणातून उठू नये असे म्हणणारे आम्हीच, आणि आमच्याच घरची बाळंतीण ओली कंबर घेऊन फरशीवर बसत होती. आम्ही आळीपाळीने डबा नेत होतो. डबा ठेवायचा, काचेतून लेकरू बघायचे, घरच्या कामाला परत यायचे. तिच्याजवळ बसून ती जेवते की नाही हे बघितल्याचे आम्हा दोघींनाही आठवत नाही.

लेकरू १६६० ग्रॅमचे झाले, चमच्याने दूध गिळू लागले, थोडे थोडे अंगावरही ओढू लागले, आणि सुटी मिळाली. दवाखान्याने कागद हातात दिला, तारखा सांगितल्या. कागद घरधन्यांनी नीट घडी करून ट्रंकेत, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ठेवला. आमच्या घरात महत्त्वाचा कागद म्हणजे जो पुन्हा दिसत नाही तो.

त्या वेळी गावात विवेकानंद जयंतीच्या उत्सवाची तयारी चालली होती. ज्यांनी हा उत्सव पाहिला आहे त्यांना सांगायला नको. जानेवारीच्या सुमारास येथे लाखो माणूस जमते, शेतात पंगती बसतात, पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरने वाढायला आणतात. उत्सव कोणाचा का असेना, पाहुणे सगळ्यांच्याच घरी येतात. आमच्याकडेही चिखली, लोणार, जालन्याकडचे नातलग येऊन थांबले. आणि घरात दीड किलोचे नवल आले आहे म्हटल्यावर जो येईल तो आधी पाळण्याकडे. “अगंबाई, उंदराएवढं आहे गं!” “याला धुरी दिली का?” “गुटी चालू करा, अंग धरील.” सूनबाई कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली. आम्हाला वाटले, लाजत असेल.

घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही लेकराला अंघोळ घातली. तेल लावले, कढत पाणी घेतले, चांगले शेकले. दवाखान्यात चोवीस दिवस नीट अंघोळ नाही म्हणजे अंग मळले असेल, एवढाच विचार. सूनबाई म्हणाली, “आई, सिस्टर नको म्हणाल्या होत्या.” आम्ही म्हटले, “सिस्टरला काय माहीत, आम्ही सात लेकरं वाढवली.” सातही पुऱ्या दिवसांची होती, हे तेव्हा सुचले नाही. दुपारपर्यंत लेकरू निपचित पडले. स्तन तोंडात दिला तर ओढीना, चमच्याचे दूध ओठाच्या कडेने बाहेर. रडेनासुद्धा. पाहुण्यांतली एक बाई म्हणाली, “किती शांत आहे!”

आशाताई त्याच वेळी दारात आल्या, हे आमचे नशीब नव्हे, ते त्यांचे काम होते. अशा बाळाची सुटी झाली की चोवीस तासांच्या आत त्या घरी यायच्या असतात. उत्सवाच्या गर्दीत त्यांना एक दिवस उशीर झाला होता. त्यांनी हात चोळून गरम केले, एक हात बाळाच्या पोटाला लावला, एक तळपायाला. पोट कोमट, पाय बर्फ. “अंघोळ कोणी घातली?” त्यांनी विचारले. घरात नऊ माणसे होती आणि कोणी बोलले नाही.

त्यांनी सगळ्यांना बाहेर काढले. लेकराचे कपडे उतरवले, डोक्यावर टोपी आणि लंगोट तेवढे ठेवले, सूनबाईच्या उघड्या छातीवर उभे लावले, वरून तिच्याच लुगड्याने बांधले आणि त्यावर गोधडी. अर्ध्या तासाने पाय पुन्हा बघितले. तासाभराने लेकराने कुरकुर केली. दोन तासांनी ते दूध ओढू लागले. आशाताई मोबाइलवर १०२ नंबर लावून तयार बसल्या होत्या. पाय गरम झाले नसते तर त्याच क्षणी न्यायचे होते. त्यांनी तेव्हा जे शिकवले ते आम्ही अजून सगळ्यांना सांगतो. पोट गरम आणि पाय थंड, तर लेकरू गारठू लागले आहे, ताबडतोब छातीशी घ्या. पोटही थंड, तर छातीशी धरूनच दवाखाना गाठा. दोन किलो वजन होईपर्यंत अंघोळ नाही, ओल्या कापडाने भराभर पुसायचे. गुटी नाही, मध नाही, पाणी नाही, नाकाकानात तेल नाही, काजळ नाही. शेगडीचा धूर तर मुळीच नाही. ज्याची फुप्फुसेच कच्ची त्याला धुरी देणे म्हणजे हौसेने गळा दाबणे.

छातीशी बांधण्याच्या या पद्धतीला कांगारू पद्धत म्हणतात. कांगारू आपले पिलू पोटाच्या पिशवीत वाढवतो म्हणून. आम्हाला वाटले होते हे कोणी श्रीमंत देशाचे खूळ असेल. तसे नाही. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरात, १९७८-७९ साली गरिबांच्या दवाखान्यात काचेच्या पेट्या पुरेनात, एका पेटीत दोन-दोन बाळे ठेवावी लागत, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी आयांच्या छातीलाच पेटी केले. म्हणजे ही गरजेतून निघालेली युक्ती. पुढे भारतासह पाच देशांत मोठी तपासणी झाली. तिचा निष्कर्ष २०२१ साली आला. जन्मल्याबरोबर, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, बाळ छातीशी ठेवले तर मृत्यू पंचवीस टक्क्यांनी कमी होतात. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेचीही तशीच शिफारस आहे. घरीसुद्धा दिवसातून जितके तास जमेल तितके तास. आठ तास, बारा तास, त्याहून जास्त.

आता विचार करा. जी बाई दिवसाचे बारा तास लेकरू छातीला बांधून बसणार, तिने पाणी कधी भरायचे? भाकरी कधी थापायच्या? लंगोट कोणी धुवायचे? उपाय फुकटचा आहे असे सगळे म्हणतात. फुकटचा नाही. तो बाईच्या अंगातून जातो, आणि तिचे बाकीचे काम कोणीतरी उचलल्याशिवाय होत नाही. हे कागदावर कोठे लिहिलेले नसते.

आशाताईंनीच सांगितले की आई थकली तर बापाने घ्यावे, आजीने घ्यावे, ऊब ती ऊबच. तेव्हा आमच्या मुलाची झालेली पंचाईत अजून आठवते. बापाच्या देखत शर्ट काढून लेकरू छातीला लावायचे म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखे. शेवटी म्हातारे घरधनी स्वतःच काठी घेऊन उठले आणि “मी वडाखाली बसतो” म्हणून निघून गेले. तासाभराने आत डोकावलो तर बाप-लेक दोघेही घोरत होते.

एवढे झाल्यावर घर सुधारले असे वाटेल. सुधारले नाही. आम्ही लेकराकडे आणखी लक्ष देऊ लागलो, एवढेच. दूध प्याले का, शी झाली का, पाय गरम आहेत का. सूनबाईला तेवढ्यासाठीच हाक मारायची. ती रडायची. आम्ही म्हणायचो, “लेकरू वाचलं तुझं, आता काहून रडतं?” हे वाक्य आम्ही दोघींनी किती वेळा म्हटले असेल, मोजदाद नाही.

मग डोळ्यांचे प्रकरण झाले.

जन्माला तीस दिवस भरायच्या आत डोळ्यांची तपासणी करून घ्यायची, असे दवाखान्याच्या कागदावर तारखेसह लिहिले होते. सूनबाई बारावी शिकलेली. तिने ते वाचले होते, सिस्टरला विचारून समजून घेतले होते. ती तारीख नेमकी उत्सवाच्या दिवसांत आली. तपासणी संभाजीनगरला. रस्ते गाड्यांनी भरलेले, घर पाहुण्यांनी भरलेले. आम्ही म्हटले, “डोळे तर चांगले टकाटका बघतो. उत्सव उलगू दे, पाहुणे जाऊ दे, मग जाऊ आठ-पंधरा दिवसांनी.” तिने दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगितले नाही. त्या रात्री ती जेवली नाही.

पहाटे चारला उठलो तर दाराशी सूनबाई. लेकरू छातीला बांधलेले, वरून शाल, हातात पिशवी. कागद तिने ट्रंकेतून काढून घेतला होता. म्हणाली, “कोणी येत असेल तर या. नाही तर मी एकटी जाते.” आवाज चढवला नाही. लग्न होऊन तीन वर्षांत ती आमच्याशी असे बोलली नव्हती.

गावातल्या एका गाडीवाल्याने डिझेलपुरते पैसे घेतले. आम्ही दोघीही गेलो, मुलगाही आला. गर्दीचे लोंढे गावाकडे येत होते आणि आमची गाडी उलट्या दिशेने चिखलीकडे निघाली होती.

तिथे डॉक्टरांनी सांगितले ते साध्या शब्दांत असे. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या पोटात शेवटच्या महिन्यांत पुऱ्या होतात. लेकरू आधीच बाहेर आले तर त्या अर्धवट राहतात, आणि बाहेर आल्यावर कधी कधी वेड्यावाकड्या वाढतात. वाढल्या की पडदा ओढतात, सुटा करतात. मग लेकरू कायमचे आंधळे. बाहेरून डोळा स्वच्छ काळाभोर दिसतो, काही कळत नाही. म्हणून ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासायचेच असतात. फारच लहान असेल तर त्याहून आधी. एकदा तपासून भागत नाही, डॉक्टर सांगतील त्या तारखेला पुन्हा जावे लागते. आमच्या नातवाचे पहिल्या खेपेला “लक्ष ठेवू” म्हणाले. दुसऱ्या खेपेला म्हणाले, लेसर करावे लागेल, उद्याच. केले. पुढे आणखी चार खेपा झाल्या. पडदा जागच्या जागी आहे.

आठ-पंधरा दिवस थांबलो असतो तर? हा प्रश्न आम्ही दोघी एकमेकींना विचारत नाही.

पहिल्या खेपेहून परत येताना चहाला थांबलो. लेकरू मुलाकडे होते. सूनबाईपुढे चहा ठेवला, तशी ती म्हणाली, “चोवीस दिवस मी रोज सकाळी उठून आधी पेटीकडे बघायची, हलतंय का म्हणून. तुम्ही घरी आल्यापासून दिवसातून दहा वेळा विचारता, दूध प्यालं का. मी पाणी प्याले का, हे कोणी विचारलं नाही.” मग म्हणाली, “मला वाटते माझ्यामुळेच झालं. निंदायला गेले नसते तर.” आम्हा दोघींच्या हातातला चहा तसाच राहिला. निंदायला नको जाऊ म्हणायचे काम आमचे होते, आणि दोष ती छातीवर घेऊन बसली होती, लेकराच्या शेजारी.

खरे तर अपुऱ्या दिवसांचे बाळ का होते, याचे कारण पुष्कळदा डॉक्टरांनाही सांगता येत नाही. रक्त कमी, रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळे, फार लहान वयात गर्भ राहणे, अंगमेहनत, अशी कितीतरी कारणे. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे वेळेआधी जन्मली, त्यांतली सुमारे ३० लाख एकट्या भारतात. एवढ्या सगळ्या आयांनी काय स्वतःच चूक केली? पण आईला हे कोणीतरी तोंडाने सांगावे लागते, आणि एकदा सांगून भागत नाही.

निंदणीवरून एक आठवते. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायांना बाळंतपणाचा भत्ता मिळावा म्हणून विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याच्या बाजूने भाषण केले होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे यात साऱ्या देशाचे हित आहे, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या वर्षी कायदा झाला. आज नोकरीतल्या बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, २०१७ पासून. शेतातल्या मजूर बाईला कोणाकडे रजा मागायची? मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला पाच हजार मिळतात. दोन-तीन महिने रोज बुडाला की त्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. म्हणून तिची रजा घरानेच द्यायची असते, आणि घराला जमत नसेल तर वस्तीने.

वस्तीने म्हणजे कसे, हे आमच्या महाराष्ट्रातच दिसले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून तयार केले. त्यांना आरोग्यदूत म्हणत. पाचवी, फार तर दहावी शिकलेल्या बाया. त्या घरोघर जाऊन नवजात बाळाचे वजन करत, श्वास मोजत, ऊब देणारी पिशवी देत, आईला दूध पाजायला शिकवत. तिसऱ्या वर्षी, शेजारच्या गावांच्या तुलनेत, त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, ती योजना २०११ साली याच कामावरून उभी राहिली. त्या बाया आमच्यासारख्याच होत्या, हे वाचून आम्हाला फार बरे वाटले. थोडी लाजही वाटली.

आम्ही आरोग्यदूत नाही. इंजेक्शन, औषध यांना हात लावत नाही. पण विहारात रविवारी जमणाऱ्या बायांपुढे आम्ही आमची सगळी हकीकत सांगितली, अंघोळीसकट. सांगताना जीभ जड झाली. सांगून झाल्यावर मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, “माझी दोन अशीच गेली, अंघोळीनं.” पन्नास वर्षे ती ते कोणाला बोलली नव्हती. त्या दिवशी ठरले, वस्तीत असे लेकरू आले की पाळ्या लावायच्या. सहा बाया तयार झाल्या, पुढे नऊ झाल्या.

पाळी म्हणजे काय, तर फार काही नाही. एकीने सकाळचे पाणी आणि धुणे. एकीने भाकरी-भाजी, आणि बाळंतीण जेवेपर्यंत समोर बसायचे. दुपारी एक तास लेकरू आपल्या छातीशी घ्यायचे, हातपाय साबणाने धुऊन, खोकला-सर्दी असेल तर घरी थांबून, आणि त्या तासात आईने झोपायचे. झोपायचे म्हणजे झोपायचे, वेळ मिळाला म्हणून भांडी घासायची नाहीत. दवाखान्याच्या तारखेला बरोबर एक बाई. आणि कागद ट्रंकेत नाही, भिंतीला खिळ्यावर. पाहुणे आले तर दारातूनच परत पाठवायचे काम आम्ही धाकटीकडे दिले आहे, तिचा आवाज मोठा आहे.

धोक्याची लक्षणे आम्ही सगळ्या पाठ म्हणतो, लहानपणी पाढे म्हणत होतो तशी. दूध ओढेना. अंग थंड किंवा फार गरम. मिनिटाला साठच्या वर श्वास, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा. तळहात-तळपाय पिवळे. झटके. हलवले तरी जाग येईना. यांतले एकही दिसले तर सासऱ्याची परवानगी, नवऱ्याची वाट, काही बघायचे नाही. न्यायचे, तेही छातीशी धरून. २०११ पासून सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचा उपचार आणि गाडी फुकट आहे, आणि पुढे ती सवलत वर्षभराच्या बाळापर्यंत वाढवली, हे पुष्कळांना माहीत नसते.

पण पाठ नसलेलीच कामे जास्त निघतात. एका घरी जुळी झाली होती, त्यांतले एकच घरी आले. सगळे म्हणत, “एक तरी हाती लागलं, बरं झालं.” आई त्या शब्दाने कापायची. आमच्यातली एक तिच्याजवळ बसली आणि विचारले, “दुसऱ्याचं तोंड कोणावर होतं?” त्या बाईने दोन तास सांगितले. तिच्या सासूने नंतर आम्हाला बोल लावला, कशाला आठवण काढता म्हणून. आम्हाला अजून वाटते, विचारले ते बरे केले. सगळ्यांना तसे वाटेलच असे नाही.

एका आईचे रडणे मात्र बोलण्याने हटेना. झोप नाही, लेकराला हातात घ्यायची इच्छा नाही, “मीच जाते म्हणजे सुटेल” अशी भाषा. आशाताईंनी ते लगेच ओळखले आणि डॉक्टरकडे नेले. हा आजार आहे, नखरे नाहीत, आणि औषधाने बरा होतो. मनाच्या अशा दुखण्यासाठी १४४१६ या नंबरवर फुकट बोलता येते, मराठीतही. आम्ही तो नंबर विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवला आहे.

वस्तीबाहेरचेही एक बोलावणे आले. गावातल्या त्या घरी आमच्या सासूबाईंना एके काळी वरून, ओंजळीत पाणी मिळत असे. तिथल्या सुनेचे १७०० ग्रॅमचे लेकरू. आमच्या सूनबाईची आणि तिची ओळख दवाखान्याच्या व्हरांड्यातली, दोघींच्या सतरंज्या शेजारी होत्या. तिने सासूला स्पष्ट सांगितले, “त्यांनाच बोलवा, त्यांना येतं.” सासू आधी दारात उभी राहून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः लेकरू उचलून आमच्या छातीवर ठेवले, वरून पदर सारखा केला, आणि आत जाऊन चहा टाकला. चहा आम्ही घरच्याच कपात प्यालो. एवढेच झाले, पण सासूबाई असत्या तर त्यांना सांगितले असते.

मधल्या काळात नातू वाढला. उशिरा बसला, उशिरा चालला. शेजारी त्याच महिन्यातले लेकरू धावायला लागले तेव्हा सूनबाईचा जीव खालीवर व्हायचा. आता आम्ही सांगतो की जितके आठवडे आधी आला तितके वयातून वजा करा आणि मग तुलना करा; दोन वर्षांपर्यंत असेच मोजायचे. फक्त लस मात्र जन्मतारखेवरून, तिथे वजाबाकी नाही. सध्या तो अंगणवाडीत जातो, म्हणजे दुसऱ्यांच्या चपला लपवतो. त्याला चष्मा लागला आहे. तो चष्मा तो रोज कुठेतरी ठेवून देतो आणि सगळे घर शोधत बसते.

सूनबाई आता पाळ्यांची वही ठेवते. विहारात एका पेटीत लोकरीच्या अकरा टोप्या आहेत, संत्र्याला बसतील एवढ्या. काही बायांनी विणल्या, काही जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून केल्या. टोपी जाते आणि लेकरू दोन-अडीच किलोचे झाले की धुऊन परत येते. दोन टोप्या परत आल्या नाहीत. त्या आम्ही मागितल्या नाहीत.

या गुरुवारी पलीकडच्या गल्लीतली एक बाळंतीण घरी येते आहे, मुलगी, १५४० ग्रॅम. घरात नवरा आणि ती, दुसरे कोणी नाही. दिवसाच्या पाळ्या लागल्या आहेत. रात्रीला कोण, ते अजून ठरायचे आहे. आमच्यापैकी एकीचे गुडघे दुखतात आणि दुसरीच्या घरी त्याच रात्री पाहुणे आहेत. पाहुण्यांना वाढून घ्या म्हणावे लागेल.